जुन्या कपाटाला शॅबी चिक रंग देताना पांढऱ्यातून पिवळे डाग वर येतात, काय करावं?

खणवाली

घरातल्या जुन्या वस्तू टाकून न देता शॅबी चिक पद्धतीने रंगवायच्या आहेत. म्हणजे खडूसारखा मॅट, फिकट रंग आणि कडांना झिजल्यासारखा भास. नवं सामान शक्य तितकं कमी आणायचं आहे. वस्तू अशा:

लाकडी खणांचं कपाट, बहुधा सागवानी, गडद चकचकीत पॉलिश असलेलं. त्याच्या मागच्या फळीवर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात देऊन पाहिले. दुसऱ्या दिवशी पिवळट-तपकिरी डाग वर आले. तिसरा हात दिला तरी डाग परत हजर. कडेच्या पॉलिश असलेल्या पट्टीवर तर नखाने खरवडलं की रंगाची सालच निघते.

सनमायका लावलेलं छोटं टेबल.

पत्र्याची पेटी, तिला जुना ऑइल पेंट आहे आणि कोपरे गंजलेत. सोबत एक जस्ताची बादली.

डाग कशाने थांबतील? चॉक पेंट घरी करता येतो का? आणि झीज दाखवताना ती खोटी दिसू नये म्हणून काय करायचं?

---

रंधा

डाग आणि साल निघणं ही दोन वेगळी दुखणी आहेत, उपायही वेगळे.

सागवान, महोगनी, ओक अशा लाकडांत पाण्यात विरघळणारी रंगद्रव्यं आणि टॅनिन, म्हणजे तपकिरी डाग पाडणारं द्रव्य, असतं. इमल्शनमधलं पाणी कोऱ्या लाकडात शिरतं, ते विरघळवतं आणि वाळताना वर घेऊन येतं. म्हणून तिसरा, चौथा हात दिल्याने डाग झाकले जात नाहीत. प्रत्येक हाताबरोबर लाकडाला नवं पाणी मिळतं. मागच्या फळीला सहसा पॉलिश केलेलंच नसतं, त्यामुळे तिथे डाग भरपूर आले. पुढच्या बाजूला कमी येतील, पण पॉलिश पेपर मारताना जिथे लाकूड उघडं पडेल तिथे येणारच.

यावर लाखेचा थर हाच खात्रीचा आणि स्वस्त उपाय. अर्धा लिटर पॉलिशच्या स्पिरिटमध्ये १०० ग्रॅम चपडा लाख (पापुद्र्यांच्या रूपातली लाख) टाकून काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बरणीत रात्रभर ठेवा, मधूनमधून हलवा. लोखंडी डबा नको, द्रावण काळवंडतं. सकाळी जुन्या सुती कापडातून गाळून घ्या. पातळ दोन हात, मध्ये एक तास. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही, म्हणून इमल्शनचं पाणी त्या थराखाली पोचत नाही. खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नको. द्रावण लागेल तितकंच करा, सहा महिन्यांपेक्षा जुनं झालं की ते नीट कडक वाळत नाही, चिकट राहतं.

आता साल निघण्याबद्दल. चकचकीत पृष्ठभागावर रंगाला धरायला जागा नाही, आणि वर्षानुवर्षांचं मेण, तेल, हाताचा मळ तिथे बसलेला असतो. आधी धुणं, मग घासणं, हाच क्रम. उलट केलंत तर मळ पॉलिश पेपरने लाकडात दाबला जातो. कोमट पाण्यात भांडी धुण्याचा साबण घालून कापड घट्ट पिळून पुसा, मग स्वच्छ पाण्याने, मग टर्पेंटाइनच्या बोळ्याने. बोळा काळा निघायचा थांबेपर्यंत. पूर्वी सिलिकॉनचं फर्निचर पॉलिश फवारलं असेल तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात; तसं दिसलं तर रंग ओढत बसू नका, पुसून टाका आणि लाखेचा थर आधी द्या.

मूळ पॉलिश कोणतं ते ओळखणं सोपं आहे. खणाच्या आतल्या कडेला स्पिरिटचा बोळा मिनिटभर धरा. चिकट झालं तर स्पिरिट पॉलिश. नाही झालं तर थिनरचा बोळा लावा, विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे कडक आधुनिक पॉलिश. स्पिरिट पॉलिश आणि लॅकर १८० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासलं की पुरे, फक्त चमक मोडायची आहे. पीयूला आधी १२०, मग १८०. पूर्ण पॉलिश काढायची गरज नाही. उलट ते गडद पॉलिश राहू द्या, झिजवलेल्या कडेला खालून तेच दिसणार आहे.

लाकडाला बारीक भोकं असतील आणि खाली ताजं पिठासारखं काही पडत असेल तर किडा जिवंत आहे. आधी त्यावर औषध मारा, मग रंगाचं बघा.

---

कुंचला

रंधा यांनी पाया सांगितला, मी वरचा रंग सांगते.

चॉक पेंट घरी उत्तम होतो. मॅट अ‍ॅक्रिलिक इमल्शन १ कप, खडूची पावडर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ४ मोठे चमचे आणि पाणी २ मोठे चमचे. पावडर आधी पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग ती पेस्ट रंगात घाला. कोरडी पावडर थेट रंगात टाकली की बारीक खडे राहतात आणि ब्रशखाली ओरखडे काढतात. पावडरऐवजी प्लॅस्टर ऑफ पॅरिस चालतं, २ मोठे चमचे, पण ते डब्यातच घट्ट व्हायला लागतं. तासाभरात संपेल इतकंच कालवा आणि घट्ट झालेल्या रंगात पाणी घालून तो पुन्हा वापरू नका, त्याची पकड गेलेली असते. खडूची पावडर तशी आवळत नाही, झाकण घट्ट लावलं तर काही दिवस टिकते. माझं मत खडूच्या बाजूने.

चॉक पेंटला प्रायमर लागत नाही असं सर्रास लिहिलेलं असतं. चिकटण्यापुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे, टॅनिन अडवण्याबाबत मुळीच नाही. लाखेचा थर चॉक पेंटखालीही हवाच.

दोन हात पातळ द्या, मध्ये दोन तास तरी जाऊ द्या. पहिला हात पट्टेरी आणि अर्धवट दिसतो. तो झाकण्यासाठी ब्रश भरून घेऊ नका, दुसऱ्यात सगळं झाकलं जातं.

झीज खोटी दिसते ती जागा चुकल्यामुळे. कपाटाकडे हात कुठे जातो ते बघा: मुठीच्या भोवती, खणाच्या वरच्या ओठावर, फळीच्या पुढच्या कडेला, खालच्या पायांना जिथे केरसुणी आणि पाय लागतात. नक्षी असेल तर तिचा उंच भाग झिजतो, खोलगट भागात रंग साठतो. फळीच्या मधोमध सपाट जागी कुणाचा हात घासला जात नाही, तिथे पॉलिश पेपर फिरवला की ते ओरबाडल्यासारखंच दिसतं. आणि दोन्ही बाजू सारख्या झिजवू नका.

करायच्या दोन पद्धती. एक मेणाची: लाखेवर, किंवा झिजलेल्या भागातून एखादा दुसरा रंग डोकवायचा असेल तर त्या रंगाच्या हातावर, निवडलेल्या कडांना पांढऱ्या मेणबत्तीचा तुकडा घासा, सुटा चुरा झटका, मग वरचा रंग द्या. वाळल्यावर बोथट पट्टीने खरवडलं की मेणावरचा रंग पापुद्र्याने सुटतो आणि कड खडबडीत, पोपडे गेल्यासारखी दिसते. मेणाचा चुरा भलतीकडे पडला असेल तर तिथलाही रंग सुटेल. दुसरी ओल्या कापडाची: रंग वाळून दोनेक तास झाले की ओलसर, पिळलेल्या जाड सुती कापडाने कड घासा. घरच्या चॉक पेंटमध्ये पावडर जास्त असल्याने तो तेव्हा सहज उतरतो, धूळ उडत नाही, आणि रंगाची कड विरत जाते. दुसऱ्या दिवशी हे जमणार नाही, तेव्हा २२० नंबर घ्यावा लागतो. जवळून पाहिलंत तर नीट झालेल्या कडेवर तीन पट्टे दिसतात: अगदी टोकाला पॉलिशची तपकिरी रेघ, तिच्या शेजारी धूसर अर्धपारदर्शक रंग आणि मग पूर्ण पांढरा. मधला धूसर पट्टा नसेल तर झीज कापल्यासारखी दिसते.

इथे बरेच जण फसतात तो मुद्दा: झिजवताना लाखेचा थरही जातो आणि कोरं लाकूड उघडं पडतं. त्यावर पाण्याचं व्हार्निश लावलं की तिथून पुन्हा टॅनिन सुटतं आणि झिजलेल्या कडेभोवती पिवळी झालर येते. व्हार्निश लावायचं असेल तर आधी बारीक ब्रशने त्या कडांवर लाखेचा एक हात फिरवा. मेण लावणार असाल तर हा प्रश्न येत नाही.

मेण घरी करायला मधमाशांचं पांढरं मेण ५० ग्रॅम, टर्पेंटाइन १५० मिलि. मेणाचं भांडं गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, शेगडी बंद करा, दूर नेऊन मग टर्पेंटाइन घाला. शेगडीवर असताना कधीच नाही. थंड झालं की मलमासारखं होतं. कापडाने अगदी पातळ चोळा, २० मिनिटांनी कोरड्या कापडाने घासा. बोट चिकटत असेल तर मेण जास्त झालंय, पुसून काढा. जवसाचं तेल कशातही वापरलंत तर ते बोळे गोळा करून टाकू नका; तेल वाळताना तापतं आणि बोळे आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

---

पत्रेवाला

पेटीबद्दल. ऑइल पेंट फार जुना असेल तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. कोरडं घासू नका, धूळ नाकात जाते. पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर २२० नंबरचा घ्या, ओला ठेवून घासा, गाळ कागदाने पुसून पिशवीत बांधून टाका. मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर हे काम त्यांच्या आसपास नको.

गंजलेल्या कोपऱ्यांवर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं कापड गुंडाळून चार-पाच तास ठेवा, तारेच्या ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, मग साध्या पाण्याने, आणि लगेच कोरडं करा. ओला राहिला तर तासाभरात केशरी छटा परत येते. त्यावर रेड ऑक्साइड या गंज रोखणाऱ्या प्रायमरचा एक हात, २४ तास वाळू द्या, ३२० नंबरने हलकं घासा, मग चॉक पेंट. उघड्या लोखंडावर थेट इमल्शन देऊ नका, त्यातल्या पाण्याने गंजाचे ठिपके उमटतात.

रेड ऑक्साइडचा तो विटकरी रंग वाया घालवू नका. फिकट निळा किंवा राखी रंग वर दिलात आणि झिजवताना विटकरी दिसेपर्यंतच थांबलात तर पेटीला जुनेपण येतं आणि पत्रा झाकलेलाच राहतो. पत्रा उघडा पाडलात तर पुढच्या दमट हवेत खरा गंज धरेल आणि मेणाखालूनही पसरेल.

जस्ताच्या बादलीला ऑइल पेंट लावूच नका. तेलावर आधारलेल्या रंगातलं तेल जस्तावरच्या क्षारांशी मिळून साबणासारखा थर होतो आणि काही महिन्यांत रंग पापुद्र्याने सुटतो. व्हिनेगरने पुसून, धुऊन, वाळवून जस्तावर चालणारा पाण्याचा प्रायमर द्या, त्यावर अ‍ॅक्रिलिक. खरं सांगायचं तर जुनी बादली पूर्ण रंगवू नये असं मला वाटतं. जस्ताची ती मळकट राखी फुलं या शैलीत आयतीच शोभतात. कडेखाली चिकटपट्ट्या लावून एकच रुंद पट्टा रंगवा.

---

खणवाली

खूप नेमकं कळलं, मनापासून आभार. मागच्या फळीवरचे तीन हात खरवडून काढावे लागतील का? आणि सनमायकाचं टेबल राहिलं. खणांच्या मुठी बदलताना जुनी भोकं कशी बुजवायची तेही सांगा.

---

रंधा

फळीवरचा रंग नखाने निघत नसेल तर राहू द्या, त्याच्यावरूनच लाखेचे दोन हात द्या, डाग खालीच अडकतील. जिथे साल निघते ती पट्टी मात्र खरवडून, धुऊन, घासून पहिल्यापासून करा. सैल थरावर कितीही चांगला रंग दिला तरी तो त्या थरासकट पडतो.

सनमायका खाली लाकूड दाखवत नाही हे आधी लक्षात घ्या. वरचा छापील थर घासून गेला की खाली तपकिरी कागदाचे थर लागतात, ते कुणालाही लाकूड वाटणार नाहीत. म्हणून इथे दोन रंगांची झीज करा. साबणाने धुऊन २२० नंबरने पूर्ण चमक जाईपर्यंत घासा, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणाऱ्या प्रायमरचा एक हात, त्यावर गडद तपकिरी, कडांना मेणबत्ती, मग फिकट रंग. सनमायका कडेला सुटला असेल तर आधी चिकटवून वजन ठेवा. रंगाने फट झाकली जात नाही, उलट ठळक दिसते. टेबलाच्या वरच्या बाजूला मेण नको, गरम कपाचं कडं उमटतं. पाण्याचं मॅट पीयू तीन पातळ हात द्या. तेलाचं पीयू पांढऱ्यावर पिवळं पडत जातं.

मुठींची भोकं: लाकडाचा बारीक भुसा आणि फेविकॉल घट्ट कालवून किंचित वर येईल असं भरा, वाळताना आकसतं. दुसऱ्या दिवशी घासून सपाट करा. दोन स्क्रूच्या नव्या मुठी घेताना भोकांमधलं मध्य ते मध्य अंतर मोजा. ६४, ९६, १२८ मिमी ही मापं सर्रास मिळतात. जुळलं तर भोकं बुजवावीच लागणार नाहीत. जुन्या पितळी मुठी असतील तर बदलू नका, धुऊन तशाच बसवा.

खणांच्या बाजूंना आणि सरकायच्या पट्ट्यांना रंग अजिबात लावू नका. दोन हातांची जाडीसुद्धा खण अडकवायला पुरते. तिथे उरलेली मेणबत्ती घासा.

---

ठिगळ

खणांच्या तळाला कागदी नक्षी हवी असेल तर छापील नॅपकिनचा फक्त वरचा पदर वेगळा करा. २ भाग पांढरा गोंद, १ भाग पाणी, तळाला लावून मधून कडेकडे दाबत जा. सुरकुत्या पडतातच, ओल्या पदरावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी ठेवून तिच्यावरून बोट फिरवलं तर फाटत नाही. घरच्या शाईच्या प्रिंटरवर काढलेला कागद नको, गोंदाने शाई पसरते. लेझरची प्रिंट चालते.

वाळला असं वाटलं तरी रंग पूर्ण कडक व्हायला तीन आठवडे लागतात. तोवर खण थोडे उघडे ठेवा. बंद ठेवले तर दोन रंगीत कडा एकमेकींना चिकटतात आणि उघडताना रंग ओरबाडला जातो.