मदत हवी आहे: कर्नल बिल्ड करताना नेटवर्क ड्रायव्हर कुठले घ्यायचे? बिनहार्डडिस्कची मशिन्स बूटच होत नाहीयेत

नमस्कार मंडळी,

चार दिवस झाले ह्याच्यात डोकं घालून बसलोय, आता तुम्हीच वाट दाखवा. आमच्या तालुक्याच्या गावी (सोलापूर जिल्हा) वाचनालयाची एक अभ्यासिका आहे, एमपीएससी आणि पोलीस भरतीची मुलं रात्री अकरापर्यंत बसतात. एका ऑफिसने त्यांची जुनी ९ डेस्कटॉप मशिन्स दिली, चांगली आहेत, पण देताना त्यांनी हार्डडिस्क काढून घेतल्या, ते त्यांच्या जागी बरोबरच आहे. नऊ डिस्क घ्यायला पैसे नाहीत. म्हणून ठरवलं की एक वेगळं मशिन सर्व्हर करायचं, त्याच्यात एक एसएसडी, आणि ही नऊ नेटवर्कवरून बूट करायची. पीएक्सईने (कार्डातली नेटवर्कवरून बूट करायची सोय) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, खाली येणार, आणि रूट फाइल सिस्टिम (सिस्टिमच्या सगळ्या फाइल्सचं मूळ फोल्डर) एनएफएसवरून, म्हणजे सर्व्हरने नेटवर्कवर वाटून दिलेल्या फोल्डरमधून.

सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्स) टाकलंय. पहिल्यांदा डेबियनचंच कर्नल आणि त्याचं इनिटआरडी (बूट होताना लागणाऱ्या ड्रायव्हर वगैरेंचं गाठोडं) देऊन बघितलं, ते चाललं, खोटं कशाला बोलू. पण इनिटआरडी जवळजवळ ४० एमबीचं, टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल आणायची साधी पद्धत) येणार, आणि स्विच आमचा जुना १०० एमबीपीएसवाला. एक मशिन असेल तर ठीक, पण आमच्याकडे लाईट गेली की नऊच्या नऊ मशिन्स एकदम बंद आणि लाईट आली की नऊच्या नऊ एकदम सर्व्हरवर तुटून पडतात, पोरं दहा-दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसतात. टेस्ट सिरीज चालू असताना हे फार जिवावर येतं. म्हणून ठरवलं की इनिटआरडी नकोच, फक्त ह्या मशिन्सना लागतं तेवढंच घेऊन स्वतःचं कर्नल बिल्ड करायचं. ६.१२ घेतलं, मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलमध्ये काय घ्यायचं ते निवडायच्या मेन्यूत) बसून दोन रात्री निवडानिवड केली, ७ एमबीची फाइल तयार झाली, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच खाली येते.

आणि पुढे काहीच नाही. कर्नल सुरू होतं, भराभर ओळी पळतात, मग दहा-बारा सेकंद थांबतं आणि 'आयपी-कॉन्फिग: नो नेटवर्क डिव्हाइसेस अव्हेलेबल', आणि शेवटी पॅनिक, म्हणजे कर्नल हात टेकून थांबतं, 'अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,२५५)'. नऊच्या नऊ मशिनवर हेच.

मी काय काय केलंय ते सांगतो. इथरनेट ड्रायव्हर सपोर्टच्या पानावर गेलो तर तिथे पन्नासएक कंपन्यांची नावं, सगळ्यांपुढे आधीच स्टार. मी रिअलटेक आणि इंटेल ठेवून बाकी सगळे काढले. रिअलटेकच्या आत आर८१६९ आणि ८१३९सीपी घेतले, इंटेलच्या आत ई१००० घेतला. तिन्ही एम केलेत, कारण सगळीकडे वाचलं की ड्रायव्हर मॉड्यूल म्हणूनच ठेवावेत, कर्नल हलकं राहतं. मॉड्यूल्स सर्व्हरवरच्या एनएफएस फोल्डरमध्ये बरोबर टाकलेत, दोनदा तपासलं. मला कळत नाही ते हे, की पीएक्सईच्या वेळी हेच कार्ड नीट चालतं, डीएचसीपीने आयपी मिळतो, कर्नल पण त्याच कार्डावरून खाली येतं, आणि कर्नल आलं की म्हणतं नेटवर्क डिव्हाइसच नाही. मग इतका वेळ नेट कोण चालवत होतं?

शनिवारी टेस्ट आहे मुलांची. कृपया मदत करा.

प्रतिसाद १

दादा, आधी कार्डं कुठली आहेत ते अंदाजाने नको. डेबियनच्या कर्नलने मशिन्स चालू होत होती म्हणालात ना, तर त्यानेच बूट करा आणि एलएसपीसीआय ही कमांड एनएनके ऑप्शन लावून द्या. प्रत्येक कार्डापुढे चौकटी कंसात दोन आकडे येतील, कंपनीचा आणि डिव्हाइसचा, आणि खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ येईल. ती ओळ म्हणजे तुमचं उत्तर. नऊही मशिन्सचं लिहून टाका इथे, बाहेरून सारखी दिसतात म्हणून आतून सारखी असतीलच असं नाही.

धागाकर्ता

केलं. चार मशिन्सवर १०ईसी:८१६८, ड्रायव्हर आर८१६९. तीन मशिन्सवर ८०८६:१०बीडी, ड्रायव्हर ई१०००ई, म्हणजे शेवटी अजून एक ई आहे! मला वाटायचं ई१००० आणि ई१०००ई एकच, कोणीतरी टाइप करताना जास्तीचं लिहिलंय. उरलेल्या दोन मशिन्सचा मदरबोर्डवरचा पोर्ट मेलेला आहे, त्यांना गावातल्याच दुकानातून जुनी पीसीआय कार्डं आणून लावली होती, तिथे १०ईसी:८१३९ येतंय आणि ड्रायव्हर ८१३९टू, शेवटी टी ओ ओ असं लिहिलेला. ह्या दोघांना कार्डावर बूट रॉम नाही म्हणून पेनड्राइव्हवर आयपीएक्सई (पीएक्सईचंच काम करणारा प्रोग्राम) टाकून बूट करतो.

प्रतिसाद २

आता सगळा उलगडा झाला. तुमच्या दोन वेगवेगळ्या चुका एकमेकींत गुंतल्यात म्हणून नऊही मशिन्स सारखीच मरतात असं वाटतंय, तर एकेक सोडवू.

पहिली आणि मोठी, एम. मॉड्यूल म्हणजे वेगळी फाइल, ती डिस्कवर असते आणि लागली की कर्नल उचलतं. तुमची डिस्क कुठे आहे? नेटवर्कच्या पलीकडे. म्हणजे किल्ली कपाटात ठेवून कपाट लावून घेतल्यासारखं झालं, नेटवर्क चालू करायला मॉड्यूल पाहिजे आणि मॉड्यूल आणायला नेटवर्क पाहिजे. तुम्ही वाचलेलं चूक नाही, डिस्कवरून बूट होणाऱ्या मशिनला किंवा इनिटआरडी असेल तर एम हेच बरोबर, डेबियन इतकी वर्षं तेच करतंय. पण तुम्ही इनिटआरडी काढलंत तिथेच हा नियम बदलला. रूट एनएफएसवर आणि इनिटआरडी नाही, तर नेटवर्क ड्रायव्हरला वायच पाहिजे, म्हणजे मेन्यूत एमच्या जागी स्टार. साइजची काळजी करू नका, तीन इथरनेट ड्रायव्हर आत घेतले तरी तुमच्या ७ एमबीत जाणवणार नाही.

दुसरी चूक नावांची. ई१००० हा इंटेलच्या जुन्या पीसीआय आणि पीसीआय-एक्स कार्डांचा, ई१०००ई हा पीसीआय एक्सप्रेसवाल्यांचा. दोन वेगळे ड्रायव्हर आहेत, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. तुमच्या तिन्ही इंटेलना ई१०००ई लागेल. ८१३९चं पण तसंच, ८१३९सीपी फक्त सी प्लस चिपसाठी आहे, साध्या ८१३९ला ८१३९टू. दोन्हीचा आयडी एकच असतो, फरक रिव्हिजनचा, म्हणून आयडीवरून कळत नाही. सीपी ड्रायव्हरला नको ती चिप दिसली की तो डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) सरळ लिहितो की ही सी प्लस नाही, ८१३९टू वापरा. पुढे कधी कार्ड बदललंत तर म्हणून दोन्ही घेऊन ठेवा, ते आपापसात भांडत नाहीत.

आणि कंपन्यांची यादी साफ केलीत ती मेहनत वाया, राग नको. त्या नावांपुढचा स्टार ड्रायव्हर आत घेत नाही, तो फक्त त्या कंपनीचे प्रश्न मेन्यूत दाखवायचे की लपवायचे एवढंच ठरवतो. बघा, कंपनीपुढे चौकटी कंस आहे आणि खऱ्या ड्रायव्हरपुढे टोकदार कंस. टोकदार असेल तिथेच एम करता येतं.

पीएक्सईच्या वेळी नेट कोण चालवत होतं, तर कार्डाच्या रॉममधला छोटा प्रोग्राम. त्याचं काम कर्नल मेमरीत आणून ठेवेपर्यंत. कर्नलने ताबा घेतला की ते त्याला विचारत नाही, स्वतःचा ड्रायव्हर शोधतं आणि कार्ड पहिल्यापासून चालू करतं. तेव्हा पीएक्सई चाललं ह्याचा अर्थ केबल, स्विच, कार्ड ठणठणीत, एवढाच घ्या.

पॅनिकमधल्या ०,२५५ने घाबरू नका, उलट बरं आहे, तुम्ही रूट एनएफएसवर आहे असं सांगितलेलं कर्नलला कळलंय, फक्त तिथे जायला रस्ता नाही.

प्रतिसाद ३

एवढा खटाटोप कशाला म्हणते मी? डेबियनच्या इनिटरॅमएफएस कॉन्फिगमध्ये मॉड्यूल्सची किंमत मोस्टच्या जागी नेटबूट केली की इनिटआरडी बरंच बारीक होतं. नवीन सिक्युरिटी अपडेट आला की ॲप्टने आपोआप येतो. स्वतःचं कर्नल म्हणजे दर वेळी स्वतः बिल्ड करत बसा, तुम्ही गाव सोडून गेलात तर मागे कोण करणार?

धागाकर्ता

ताई, तुमचं म्हणणं पटतंय आणि ते मनात आहे. नेटबूट करून बघितलं होतं, फरक पडला पण लाईट आल्यावरची गर्दी तशीच. आणि दुसरं, अभ्यासिकेतली दोन पोरं डिप्लोमाची आहेत, रोज रात्री माझ्या शेजारी बसून बघतात, त्यांना हे शिकायचंय. मी नसलो तर तेच करतील म्हणून सगळं वहीत लिहून ठेवतोय.

आता निकाल. तिन्ही ड्रायव्हर वाय केले, ई१०००ई घेतला, ८१३९टू घेतला. इंटेलवाली तिन्ही पहिल्या झटक्यात आली! लॉगिन स्क्रीन बघून पोरांनी टाळ्या वाजवल्या. ८१३९वाली दोन पण आली. पण रिअलटेक ८१६८वाली चार एक मिनिट नुसती थांबून राहतात, घड्याळ लावून बघितलं, बरोबर साठ सेकंद, मग फर्मवेअर (कार्डाच्या चिपमध्ये भरायची फाइल) मिळालं नाही असं लिहून पुढे जातात आणि व्यवस्थित चालू होतात. डेबियनच्या कर्नलवर हे होत नव्हतं. मी कुठल्या तरी मेन्यूत फर्मवेअरचा युजरस्पेस फॉलबॅक की काय तो चालू केलेला आठवतोय, उपयोगी वाटला म्हणून.

प्रतिसाद २

तोच. तुम्हीच शोधलंत. आर८१६९ला आरटीएल एनआयसी फोल्डरमधली एक छोटी फर्मवेअर फाइल हवी असते, चिपच्या आवृत्तीप्रमाणे नाव वेगळं. इंटरफेस चालू करताना तो ती मागतो, आणि तुमच्याकडे इंटरफेस रूट माउंट व्हायच्या आधीच चालू होतो, मग फाइल कुठून मिळणार. नाही मिळाली तरी कार्ड बहुधा चालतं, ती चिपमधल्या दुरुस्त्यांसाठी असते. पण फॉलबॅक चालू असला की कर्नल बाहेरचं कोणीतरी फाइल आणून देईल म्हणून साठ सेकंद वाट बघतं, आणि त्या वेळी बाहेर कोणीच नसतं.

दोन गोष्टी करा. डिव्हाइस ड्रायव्हर्समध्ये जेनेरिक ड्रायव्हर ऑप्शन्स, त्यात फर्मवेअर लोडर, तिथला फॉलबॅक बंद. आणि तिथेच कर्नलच्या आत फर्मवेअर बसवायची जागा आहे, तिथे डीमेसेजमध्ये जे नाव मिळालं नाही म्हणून आलंय ते फोल्डरसकट जसंच्या तसं लिहा, खाली लिब फर्मवेअरचा पाथ द्या. चारही मशिन्सचा डीमेसेज बघा, नावं वेगळी असली तर सगळी लिहा, मध्ये स्पेस. ज्या मशिनवर बिल्ड करताय तिथे फर्मवेअर-रिअलटेक पॅकेज टाकलेलं असू द्या, नाहीतर बिल्डच अडेल.

वायफायचं कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी, इंटेलचा आयडब्ल्यूएलवायफाय वाय केला तर हाच प्रकार जास्त वाईट होतो, तो फर्मवेअरशिवाय उठतच नाही. त्याला एमच ठेवा, आणि त्याच्याबरोबर एमव्हीएम किंवा डीव्हीएम ह्या जोडीच्या ड्रायव्हरांतला एक घेतलाच पाहिजे, नुसता घेतला तर मेन्यूच ताकीद देतो की हा एकटा निरुपयोगी आहे.

धागाकर्ता

झालं! साठ सेकंद गेले. नावं दोन निघाली, तीन मशिन्सना एक आणि एकीला दुसरं.

पण आता नवीनच. नऊही येतात, डेस्कटॉपपर्यंत जातात, आणि त्यातली काही जागच्या जागी गोठतात. माउस हलतो पण काही उघडत नाही, आणि कन्सोलवर 'एनएफएस: सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग'. सर्व्हर तर चालू आहे, शेजारच्या मशिनवर तेच फोल्डर दिसतंय.

प्रतिसाद १

हे ड्रायव्हरचं नाही दादा. कर्नलने आयपी घेऊन रूट माउंट केलं, मग डेस्कटॉपबरोबर नेटवर्कमॅनेजर (नेट सांभाळणारा प्रोग्राम) उठला आणि त्याने तोच इंटरफेस खाली घेऊन पुन्हा वर केला. इंटरफेस खाली गेला की पायाखालची फळीच काढली. इटीसी नेटवर्कमधल्या इंटरफेसेस फाइलमध्ये त्या इंटरफेसला मॅन्युअल लिहा. तिथे लिहिलेल्या इंटरफेसला डेबियनमधला नेटवर्कमॅनेजर हात लावत नाही. आणि ह्या मशिन्सवर इंटरफेसची नावं वेगवेगळी असणार, तर एकच रूट नऊ जणांना देताय म्हणून बूट करताना कर्नलला देता त्या ओळीत नेट डॉट आयएफनेम्स शून्य करा, म्हणजे सगळीकडे एथ० येईल. मेलेला पोर्ट असलेल्या दोघांत बायोसमधून तो पोर्ट बंद करायला विसरू नका, नाहीतर एथ० कोण होईल सांगता येत नाही. एनएफएसच्या ओळीत व्हर्जन ३ स्पष्ट लिहिलंय ना, तेही बघून घ्या.

धागाकर्ता

शुक्रवार रात्र, साडेदहा. मॅन्युअल लिहिलं, आयएफनेम्स शून्य केलं, बायोसमधून दोन्ही पोर्ट बंद केले, व्हर्जन ३ आधीपासून होतं. मग मेन स्विच पाडला आणि पुन्हा वर केला. नऊही मशिन्स एकदम उठली, शेवटच्या मशिनचा लॉगिन यायला ५२ सेकंद लागले. तासभर झाला, अजून एकही गोठलेलं नाही. डिप्लोमाच्या पोरांनी कॉन्फिगची फाइल वहीत चिकटवायला प्रिंट मागितली आहे, ती पाच हजार ओळींची आहे हे त्यांना आत्ता सांगितलं, म्हणून फक्त आपण बदललेल्या ओळी हाताने लिहून घेतायत.