तुतारी पक्षी ओळखताना गाडी अडली: ठिपकेवाली, हिरवी की साधी?

पाणकाठ:
काल पाणथळ अभयारण्यात उजाडल्यापासून अकरापर्यंत लपणात, म्हणजे पक्षी बघायच्या आडोशात, बसले होते. शेकाट्या, थापट्या, वारकरी हे पक्षी चटकन ओळखता आले. मग चिखलाच्या कडेला दोन तुतारी दिसल्या आणि तिथेच अडले. दोघी सतत शेपटी खालीवर करत होत्या, म्हणून वहीत साधी तुतारी लिहून टाकलं. घरी फोटो पाहिले तर एकीच्या पाठीवर भरपूर ठिपके! पाय मला हिरवट वाटले होते, फोटोत पिवळे दिसताहेत. ८ × ४२ ची दुर्बीण होती, ऊन समोरून. चुकीची नोंद मला ठेवायची नाही. तुम्ही नेमकं काय बघता?

चिखलवाट:
शेपटी तिघीही हलवतात, साधी जरा जास्तच. त्यावर जाऊ नका. पायांचा रंग तर समोरच्या उन्हात आणि चिखलात हमखास फसवतो. साधीच्या छातीवरची तपकिरी छटा आणि पंख यांच्या मधून पोटाचा पांढरा रंग खांद्याकडे वर चढलेला असतो, तो आहे का बघा. ठिपकेवालीची पांढरी भुवई डोळ्याच्या बरीच मागे जाते. हिरवीची डोळ्यापाशीच संपते, आणि तिची पाठ गडद, ठिपके अगदी बारीक.

दूरनजर:
उडाल्या का? माझा सगळा भरवसा उडण्यावर. साधी पाण्याला लागून, पंख ताठ ठेवून थरथरत जाते, पंखावर पांढरी पट्टी दिसते आणि पाठीमागे पांढरं काही नसतं. बाकी दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरं असतं, पण हिरवीचे पंख खालून जवळजवळ काळे असतात, ठिपकेवालीचे फिकट. मात्र हे बघायचं म्हणून त्यांना उडवू नका. लांबचा प्रवास करून आलेल्या पक्ष्यांचं खाणं आपल्या कुतूहलासाठी मोडणं मला पटत नाही. थांबलं की भोवत्या हा शिकारी पक्षी येतोच, मग अख्खा काठ उठतो.

जाता जाता, हिरवी तुतारी स्वतः घरटं बांधत नाही. उत्तरेकडच्या ओलसर जंगलांत कस्तुरांसारख्या पक्ष्यांच्या झाडावरच्या जुन्या घरट्यांत अंडी घालते. चिखलात बघायची सवय असलेल्या पक्ष्याचं हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

पाणकाठ:
भोवत्या आला होता! नऊच्या सुमारास. तेव्हाचा एक हललेला फोटो आहे, तो काढून टाकणारच होते. पंखाखाली कोळशासारखं काळं, शेपटीच्या मुळाशी पांढरंशुभ्र. म्हणजे ही हिरवी. ठिपक्यांवालीची भुवई मानेपर्यंत गेलेली स्पष्ट दिसतेय. दोघी वेगळ्या होत्या तर, आणि साधी एकही नव्हती. वहीतली ओळ खोडून दोन्ही नावं लिहिली. पुढच्या वेळी पूर्वेकडच्या लपणात बसेन, सकाळचं ऊन पाठीवर राहील.

चिखलवाट:
आवाजही टिपत जा. ठिपकेवाली उडताना 'चिफ-इफ-इफ' करते.