आयपॅडवर घरच्या बैठकीचे ध्वनिमुद्रण : माइक आणि ऑडिओ इंटरफेस कोणता घ्यावा?

पेठेतली लेक :

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून काळी चारमध्ये नाट्यपदे आणि अभंग गाते. बाबा पेटीची साथ करतात आणि रविवारी सकाळी शेजारच्या वाड्यातले एक काका तबला घेऊन येतात. हे सारे सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाहेरच्या खोलीत चालते, आणि त्या खोलीच्या दोन्ही खिडक्या रस्त्यावर उघडतात. माझ्याकडे दहाव्या पिढीचा आयपॅड आहे. आजवर तो समोर पाटावर ठेवून त्याच्याच माइकने गॅराजबँड या ॲपमध्ये ध्वनिमुद्रण करत आले, पण त्यात पेटी सगळ्यांच्या डोक्यावर बसते, आई तार षड्जाला गेली की आवाज फाटतो आणि डग्गा तर जवळजवळ ऐकूच येत नाही.

खर्चाची मर्यादा तीस हजार रुपये आहे. सरळ आयपॅडला जोडायचा यूएसबी माइक घ्यावा की इंटरफेस (साधे माइक आयपॅडला जोडून देणारी डबी), आणि माइक कंडेन्सर (बाहेरून वीज लागणारा) असावा की डायनॅमिक (विजेविना चालणारा), याविषयी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. गाणे, पेटी आणि तबला वेगवेगळ्या वेळी मुद्रित करून नंतर जोडा, असे मात्र कृपया सुचवू नये. बाबांची पेटी आईच्या श्वासावर चालते आणि एकट्याने वाजवा म्हटले तर ते वाजवणारच नाहीत.

दोनवायरी :

तुमची शेवटची अट वाचली आणि यूएसबी माइकचा विचार मी तिथेच सोडून दिला. आयपॅड ध्वनी आत घेण्यासाठी एका वेळी एकच उपकरण वापरतो, त्यामुळे आज एक यूएसबी माइक घेतला आणि सहा महिन्यांनी दुसरा घेतला तरी दोन्ही एकत्र चालणार नाहीत. इंटरफेसचे तसे नसते. त्याला दोन माइक जोडले तरी आयपॅडच्या दृष्टीने ते एकच उपकरण असते आणि दोन्ही माइकांचे ट्रॅक स्वतंत्र राहतात.

इंटरफेस निवडताना एकच चूक टाळावी. फोकसराइट स्कारलेट सोलोवर दोन जोडण्या दिसतात म्हणून अनेक जण तो घेऊन मोकळे होतात, परंतु त्यात माइकसाठीचा प्रीअँप, म्हणजे माइकचा क्षीण आवाज वाढवणारा भाग, एकच असतो आणि दुसरी जोडणी गिटारसारख्या वाद्यासाठी असते. तुम्हाला त्याच मालिकेतला टू आय टू किंवा ऑडिएंटचा इव्हो फोर लागेल, कारण या दोन्हींत माइकचे दोन प्रीअँप आहेत. मी इव्हो फोरकडे झुकेन, कारण गायक काही सेकंद गायला की तो पातळी आपली आपण बसवतो, आणि तुमच्या घरी बटणे फिरवायला वेगळा माणूस नाही. तुमच्या आयपॅडला हेडफोनचे भोक नाही, ती सोयही इंटरफेसमध्ये मिळेल. ब्लूटूथचे हेडफोन या कामाला वापरू नयेत, कारण त्यांत आवाज मागाहून पोहोचतो.

जोडणीसाठी दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेली आणि डेटा नेणारी केबल घ्यावी. फक्त चार्जिंगसाठी असलेली केबल लावून मी एक अख्खी संध्याकाळ इंटरफेसलाच दोष देत बसलो होतो.

खर्जातला :

माइकविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे गैरसमज फार आहेत. डायनॅमिक माइक रस्त्याचा आवाज घेत नाही, असे तुम्हाला दुकानातसुद्धा सांगतील. खरे कारण एवढेच, की आपण तो तोंडाच्या अगदी जवळ धरतो, त्यामुळे गाण्याचा आवाज मोठा पडतो आणि गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचे प्रमाण, कमी ठेवावा लागतो. कंडेन्सरही तितकाच जवळ आणला तर हॉर्न आणि गाणे यांचे प्रमाण साधारण तेवढेच राहते. मग कंडेन्सर घेऊन जवळच का ठेवू नये? तर जवळून त्यात श्वास, ओठांचा आवाज आणि ‘फ’, ‘भ’ यांचे फटकारे अधिक उमटतात, शिवाय अंतर कमी होईल तसा खर्जही फुगत जातो. फुगतो तो डायनॅमिकमध्येही, परंतु शुअरच्या एसएम ५८ सारखा माइक मुळातच जवळून गाण्यासाठी घडवलेला असल्याने तो हे सोसून घेतो.

कंडेन्सर घेताना लोक त्याच्या स्वतःच्या खरखरीचे आकडे (कमी तितका चांगला) ताडून पाहतात. ऑडिओ टेक्निकाच्या एटी २०२० चा आकडा २० डेसिबल आहे आणि रोडच्या एनटी १ च्या नव्या आवृत्तीचा ४. आकडे खरे आहेत, पण ज्या खोलीत पंखा फिरतो आणि खाली रिक्षा थांबते तेथे हा फरक खोलीच्याच आवाजात बुडून जातो. आकड्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा त्यांतले थोडे जाड पडद्यांवर आणि सतरंजीवर घालावेत.

तुमच्या घरासाठी माझे मत असे : आईंसाठी एसएम ५८, आणि तबला-पेटीसाठी मिळून एक एटी २०२०. एटी २०२० ला इंटरफेसवरचे ४८ व्होल्टचे बटण चालू करावे लागते. काही इंटरफेसवर ते बटण दोन्ही माइकांना एकदमच लागू होते. एसएम ५८ ला त्याची गरज नाही, पण केबल धड असेल तर अपायही नाही. बटण दाबताना हेडफोनचा आवाज मात्र शून्यावर असावा.

ठेका धरणारा :

यादी वाचली आणि मान्यही आहे, परंतु तुमची पेटी डोक्यावर बसते ती बैठकीच्या मांडणीमुळे. गायकाच्या डाव्या हाताला पेटी आणि उजव्या हाताला तबला ही मांडणी श्रोत्यांसाठी ठीक आहे. हे दोन्ही माइक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचे ऐकणारे आहेत; अशा माइकला बाजूने येणारा आवाज समोरच्यापेक्षा सुमारे ६ डेसिबलच कमी ऐकू येतो, आणि बाबांची पेटी तर आईंच्या आवाजाहून सहज मोठी असणार. माइक खरा बहिरा असतो तो पाठीमागून. म्हणून ध्वनिमुद्रणापुरते बाबांना आईंच्या समोर, त्यांच्या माइकच्या पाठीशी बसवावे. दोघांची नजरानजर होईल ती वेगळीच. दुसरा माइक तबल्यासमोर दीडएक हातावर, डग्ग्याकडे किंचित झुकलेला असावा. पेटी त्यात आपोआप हवी तेवढी येते, आणि तिच्यासाठी माइक जवळ नेला तर भात्याचा आवाज आणि पट्ट्यांची खटखट तेवढी हाती लागते.

तानपुऱ्याचेही आधीच ठरवावे. तो खोलीत वाजत असेल आणि पुढे दोन तुकडे जोडायचे झाले, तर जोडाच्या जागी तानपुऱ्याचे आवर्तन तुटलेले स्पष्ट ऐकू येते. फोनवरचा तानपुरा इअरफोनने आईंच्या एका कानात द्यावा आणि नंतर त्याच पट्टीतला वेगळ्या ट्रॅकवर घालावा.

पेठेतली लेक :

सर्वांचे मनापासून आभार. एका परिचितांकडून टू आय टू, एक एसएम ५८ आणि एक एटी २०२० चार दिवसांसाठी मागून आणले. बाबा आधी समोर बसायला तयार नव्हते. त्यांच्या मते साथीदाराने गायकाच्या अंगाला अंग लावूनच बसावे. एक अभंग ऐकवल्यावर त्यांनी आपण होऊन पेटी आणखी वीतभर मागे सरकवली. आईने इअरफोन मात्र दोन मिनिटांत काढून टाकला. तानपुरा खोलीतच वाजेल आणि तुकडे जोडायचे नाहीत, पद चुकले तर पहिल्यापासून म्हणायचे, असे तिने जाहीर केले आहे.

दोन अडचणी आल्या. गॅराजबँडमध्ये सुमारे १७ सेकंदांनी मुद्रण पुन्हा पहिल्यावर येते. आणि इंटरफेससोबत आयपॅड हबमधून चार्जरलाही लावला की सगळ्यात बारीक घुंईं असा आवाज येतो.

दोनवायरी :

पहिली अडचण सोपी आहे. तिथे गाण्याचा विभाग मुळात ८ बारांचा (मात्रांच्या ८ गटांचा) असतो. तो ऑटोमॅटिक करावा, मेट्रोनोम बंद करावा आणि सेटिंगमध्ये मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग (एकाच वेळी अनेक ट्रॅक) व २४ बिट (अधिक बारकाईचे मुद्रण) चालू करून एका ट्रॅकला इनपुट १ आणि दुसऱ्याला २ द्यावे. एका ट्रॅकला मिनिटाला साधारण ८ एमबी जागा लागते. पातळी बसवताना आईंना त्यांची सर्वांत चढी जागा घ्यायला सांगावे आणि तेव्हाही ती उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये (शून्याच्या पुढे आवाज फाटतो). २४ बिटमध्ये आवाज बारीक मुद्रित झाला तरी नंतर वाढवता येतो, फाटलेला मात्र शिवता येत नाही.

घुंईं बहुधा चार्जरची आहे. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसते, आणि जुन्या वाड्यांत तीन पिनांच्या सॉकेटलाही ते असेलच असे नाही. बैठकीपूर्वी आयपॅड पूर्ण भरून घ्यावा आणि मुद्रण बॅटरीवरच करावे.

पेठेतली लेक :

चार्जर काढला आणि घुंईं गेली. इव्हो फोर आणि दोन्ही माइक घ्यायचे ठरले आहे. जमिनीवर बसून गाणाऱ्यासाठी आडव्या दांडीचा बुटका स्टँड विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत मिळेल का, की वाद्यांच्या दुकानातच पाहावा? पुढच्या महिन्यापासून नदीपात्रात ढोलपथकांचा सराव सुरू होईल, त्याआधीचे रविवार हाताशी लागले तर बरे.