काउंटीचा पैसा आणि कृषी विस्तार

‘कृषी विस्तार हे विद्यापीठाचं काम, मग आमच्या प्रॉपर्टी टॅक्समधून पैसा का?’ अमेरिकेतल्या काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारच्या) बजेटवर इथे कुणीतरी मांडलेला हा मुद्दा पटला नाही. कृषी विस्तार म्हणजे विद्यापीठाचं ज्ञान आणि सल्ला शेतकऱ्यांपर्यंत पोचवणं. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यापासून ही व्यवस्था केंद्र सरकार, राज्याचं विद्यापीठ आणि काउंटी अशा तिघांच्या भागीदारीवर चालते. काउंटीने हात आखडला की गावातला सल्लागार आधी जातो. रिसायकलिंग नक्की कुणाची जबाबदारी हे कळत नाही, या तक्रारीशी मात्र सहमत. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये ते कुठे काउंटीकडे, कुठे गाव-शहराकडे. जाब कुणाला विचारायचा इथूनच सुरुवात.

कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते: इथे बजेट मंजूर होण्याआधी जनसुनावणी घ्यावीच लागते आणि तिची नोटीस किमान १५ दिवस आधी छापावी लागते. मागच्या वर्षी मी गेले, तर आम्ही जेमतेम सातजण! परसातली मेथी पिवळी पडायची, विस्तार कार्यालयामार्फत माती तपासून घेतली तेव्हा कारण कळलं, एवढंच बोलले. माझ्यानंतर एक डेअरीवाले आजोबा शेणखताच्या नियोजनावर बोलले. सुपरवायझरांनी (काउंटी बोर्डाच्या निवडून आलेल्या सदस्यांनी) आम्हा दोघांनाही नीट प्रश्न विचारले, टिपून घेतलं. यंदाची नोटीस निघाली की तारीख इथे टाकते, जवळपासच्यांनी नक्की या.