मोठे टायर घातले, आता घासालेत आणि फोर-हायची लिव्हर अडकली. मिरगाच्या आत सुटायला पाहिजे (मदत हवी आहे)

काजूवाला_जांबोटी (२३ मे, रात्री ९:१०)
नमस्कार मंडळी. परवा गाडीला मोठे टायर घातले. तेव्हापासून पूर्ण कट मारला की खर्र करून घासालेत. ते एक वेळ चालेल, पण काल बागेतून वर डांबरीला लागलो, दोन किलोमीटर आलो आणि फोर-हायची (चारी चाकांना ओढ देणारी) लिव्हर बाहेरच येईना. दोन्ही हातांनी ओढली, पाय लावून ओढली. स्टेअरिंग दगड झालंय. मिस्त्री म्हणतो गिअरबॉक्स उतरवून बघायला लागेल, आठ दिवस ठेवा गाडी. आठ दिवस कुठनं आणू? शेवटचा काजू बागेत पडलाय, कौलं चाळायची आहेत आणि मिरीग पंधरा दिवसांवर आला. लवकर सांगा. टायर चांगले आहेत, त्यात काय खोट नाही.

सदा_न्यूट्रल (९:१४)
गाडी कुठली?

तिलारीकर (९:१५)
टायरची साईझ? आधीची आणि आताची, दोन्ही.

शहापूरचा_आप्पा (९:३१)
नायट्रोजन भरून घ्या. मी सहा वर्षं तेच भरतो, टायर गरम होत नाही. साधी हवा म्हणजे ओलावा.

काजूवाला_जांबोटी (९:४०)
गाडी थारच की हो, दुसरी कुठली असणार? टायर २४५/७५. आप्पा, हवेचा प्रश्नच नाही, लिव्हर अडकलीय.

तिलारीकर (९:४४)
थार पण कुठली? २०२० ला निघालेल्या नव्या थारच्या ए-एक्स मॉडेलला २४५/७५ आर १६ कंपनीतूनच आले. मग मोठे कसले? जुनी असेल तर गोष्ट वेगळी. एकेक माहिती दात काढल्यासारखी काढायला लावू नका राव.

काजूवाला_जांबोटी (९:५२)
जुनी. २०१४ ची सीआरडीई, डिझेल. आधी २३५/७० आर १६ होते. रिम तेच.

उद्यमबाग_लेथ (१०:२०)
आता बोलता येईल. २३५/७० आर १६ चा व्यास होतो साधारण ७३५ मिलिमीटर, २४५/७५ चा ७७४. म्हणजे गाडी जेमतेम दोन सेंटिमीटर उचलली, कारण व्यास ३९ नं वाढला तरी जमिनीपासून एक्सलपर्यंत त्यातला निम्माच येतो. हे कुणी सांगत नाही, लोक समजतात गाडी वीतभर वर गेली. शिवाय काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही खरे ६३ ला असाल. चोर्ल्याच्या चढाला एक गिअर खाली टाकायला लागला तर इंजिनावर चिडू नका, चाक मोठं म्हणजे ओढ कमी.
घासण्याचं बघू. कुठं घासतो? बाहेर मडफ्लॅपला, पुढं बंपरच्या कोपऱ्याला, की आत चासीकडं? खडूनं टायरच्या बगलेवर आडव्या रेघा मारा, पूर्ण कट मारून गाडी पुढंमागं करा. रेघ जिथं पुसली तिथं घासतो. आवाजावरून अंदाज नको.

चंदगडी_फणस (१०:२६)
एवढं गणित कशाला? ३० एमएमचे स्पेसर (चाकामागं बसवायच्या जाड चकत्या) टाका. चाक बाहेर येतं, आत घासायचं बंद. माझ्या गाडीला तीन वर्षं आहेत. वर गाडी अशी फाकून उभी राहते की बघत राहावं.

उद्यमबाग_लेथ (१०:३३)
फणसराव, तुमची गाडी शिनोळी ते बेळगाव जाते, माल भरून खड्ड्यात उतरत नाही. स्पेसरनं चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर तरफेचा जोर वाढतो, बोल्टांवर पण. दुकानात स्वस्तातले ओतीव स्पेसर विकतात, ते तडकतात. माझ्याकडं तुटलेले दोन आणून ठेवलेत गिऱ्हाइकांनी. आत घासत असेल तर स्टेअरिंगच्या स्टॉप बोल्टला थोडा आटा काढा, कट एक-दोन अंश कमी बसेल. वळायला जागा जास्त लागेल एवढंच.

चंदगडी_फणस (१०:३५)
माझी गाडी पारगडाला जाऊन आलीय. माहिती नसताना बोलू नये.

जुनी_जीप_मामा (११:०२)
मुळात मोठे-रुंद टायर ही चैन आहे. आमच्या जीपला ६.०० - १६ चे बारके टायर होते. चिखलात बारका टायर चिरत खाली जातो आणि कडक जमिनीला जाऊन धरतो. रुंद टायर वर तरंगतो, तिथंच फिरत बसतो. जांबोटीच्या जांभ्या जमिनीला वरचा लाल राडा चार बोटं, खाली दगड. बारकाच पाहिजे.

तिलारीकर (११:०९)
मामा, ते जांभ्याला खरं. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत नेऊन बघा तुमची जीप. तिथं खाली कडक काही लागतच नाही, एक्सलपर्यंत जाल. तिथं रुंद टायर आणि हवा १८ पर्यंत खाली. डांबरीला आल्यावर परत भरायची, विसरायचं नाही.

जुनी_जीप_मामा (११:१५)
काळ्या मातीत पावसाळ्यात जायचंच नसतं. शहाणा माणूस ट्रॅक्टर बोलावतो.

कागदपत्र_निपाणी (२४ मे, सकाळी ७:०५)
एक गोष्ट कुणी बोललं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीत जे लिहिलंय त्याच्याशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेच परत सांगितलं. तुमची केए-२२, बेळगावचा नंबर असणार. गोव्यात उतरला किंवा शिनोळीला अडवलं तर नंबर बघूनच आधी बाजूला घेतात. अपघात झाला तर विमावाले टायरचं माप काढून वाद घालतील ते वेगळं.

सदा_न्यूट्रल (७:२०)
आम्हाला काय, इकडं गेलो तर केए म्हणून अडवतात, तिकडं बोललो तर मराठी म्हणून. टायर गोल आहेत एवढंच बरं.

मिरगाचा_किडा (७:४८)
कणकुंबीकडं बाग आहे का तुमची? मलप्रभेच्या उगमाजवळ? तिकडं यंदा रस्ता कसा आहे? कळसा नाल्याचं काम बघितलं का कुणी? म्हादईचं पाणी वळवायचं म्हणतात ते

चौकीदार (८:०१)
म्हादईसाठी वेगळा धागा आहे. इथं टायर.

काजूवाला_जांबोटी (८:१५)
अहो रात्रभर तुम्ही मामाची जीप आणि म्हादई करालाय. माझी गाडी अजून रस्त्याच्या कडेला उभी आहे, लिव्हरबद्दल एक माणूस बोलला नाही! खडूनं बघितलं, आत चासीकडं घासतोय, स्टॉप बोल्टचं करतो. पण लिव्हर?

उद्यमबाग_लेथ (८:४०)
बरोबर, ते राहिलं. दोन प्रश्न. डांबरीवर फोर-हाय लावूनच दोन किलोमीटर चालवली का? आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत ना?

काजूवाला_जांबोटी (८:४६)
हो, काढायची विसरलो, मग निघेना. आणि चार कुठनं? आता पुढचे दोनच घातलेत. मागचे काजूचे पैसे आले की घालणार. ओढ पुढच्याच चाकांना पाहिजे ना चढाला?

तिलारीकर (८:४७)
अरे देवा.

सदा_न्यूट्रल (८:४८)
हे काल ९:१० ला सांगितलं असतं तर मामा वेळेवर झोपले असते.

उद्यमबाग_लेथ (९:१२)
गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. मिस्त्रीला फोन करून थांबवा आधी.
तुमच्या गाडीत फोर-हाय लावलं की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधून टाकतो. दोघांनी सारखेच फेरे मारायचे. आता हिशेब बघा. मागचा टायर एका फेऱ्यात साधारण २ मीटर ३१ सेंटिमीटर जातो, पुढचा २ मीटर ४३. म्हणजे फेऱ्यामागं १२ सेंटिमीटरचा फरक. एका किलोमीटरला मागच्याला ४३३ फेरे लागतात, पुढच्याला ४११. हे बाविसेक फेरे जायचे कुठं? चिखलात चाक घसरतं, हिशेब तिथं फिटतो, म्हणून बागेत काही कळलं नाही. डांबरीवर चाक घसरत नाही, मग शाफ्टला पीळ बसत जातो. त्या पिळानं दात एकमेकांवर दाबून धरलेत, लिव्हर कशी निघेल? स्टेअरिंग दगड त्यामुळंच.
उपाय: सपाट जागा बघा, चाकं सरळ करा. रिव्हर्स टाकून सरळ रेषेत हळू मागं घ्या, दहा-पंधरा फूट, आणि चालत्यातच लिव्हरवर हलका हात ठेवा. जोर नको. पीळ उलटा सुटतो तेव्हा ती आपोआप येते. नाहीच आली तर मागच्या चाकांना दगडाची उटी लावून पुढचं एक चाक जॅकवर उचला. चाक झटक्यात फिरेल, हात-पाय लांब ठेवा.

चंदगडी_फणस (९:२०)
स्पेसर असते तर हे झालं नसतं.

उद्यमबाग_लेथ (९:२१)
स्पेसरचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

शहापूरचा_आप्पा (९:३०)
हवा सारखी असती तर? म्हणून म्हणतो नायट्रोजन.

काजूवाला_जांबोटी (११:०५)
सुटली!! दुसऱ्या रिव्हर्सला कट्ट आवाज आला आणि लिव्हर लोण्यासारखी मागं. लेथवाले, तुम्ही भेटा एकदा, कुंदा माझ्याकडून. मिस्त्रीला सांगितलं तर तो गप्पच झाला. आता मागचे दोन घेईपर्यंत फोर-हाय लावायचंच नाही का? पाऊस पडला की त्याशिवाय बाग गाठत नाही.

उद्यमबाग_लेथ (११:१५)
चार सारखे होईपर्यंत नको. अगदी रुतलात तर राड्यात तेवढ्यापुरतं, बाहेर आलं की लगेच टू-हाय, म्हणजे ओढ फक्त मागच्या चाकांना. आणि स्टेपनी पण जुन्याच मापाची असणार, तिचाही हिशेब धरा.

तिलारीकर (११:२२)
माझ्याकडं २४५/७५ चे दोन आहेत, निम्मे झिजलेले. पाहिजेत तर तिलारीला या, स्वस्तात देतो.

उद्यमबाग_लेथ (११:२६)
नका घेऊ. नवा आणि निम्मा झिजलेला यात व्यासाला सेंटिमीटरभर फरक येतो. आतापेक्षा कमी, पण पीळ परत बसणार. सगळ्यात सोपं म्हणजे पुढचे जुने दोन परत चढवा, नवे पोत्यात बांधून ठेवा. पैसे आले की चार एकदम.

काजूवाला_जांबोटी (२:५०)
तेच करणार होतो. पण जुने दोन मी मेव्हण्याला दिले, त्यानं त्याच्या बैलगाडीला चढवलेत. आत्ता फोन केला. म्हणतो, शेणखत ओढून झालं की देतो. अजून तीस गाड्या आहेत.