रंधा धबधबा आणि खालची घळ: पाणी पांढरंफटक न होता फोटो कसे काढावेत?

दगडफूल
मंडळी, ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात भंडारदऱ्याला जायचं ठरलंय, मुक्काम धरणाजवळच्या शेंडी गावात. मुख्य ओढ रंधा धबधब्याची आणि त्याच्या खालच्या प्रवरेच्या घळीची. क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आहे, १६-५० आणि ५५-२१० मिमी अशा दोन लेन्स आणि मध्यम वजनाचा ट्रायपॉड. फिल्टर अजून एकही घेतलेला नाही, एकच परवडेल. पाण्याचा पोत दिसायला हवा, नुसता पांढरा पट्टा नको आणि कातळही काळाठिक्कर नको. कोणता फिल्टर घेऊ, शटर किती वेळ उघडं ठेवू आणि रंध्याला पाणी कधी असतं, हे जाणकारांनी सांगावं.

प्रवराकाठ
आधी पाण्याचं बघू, कारण रंधा हा धरणाखालचा धबधबा आहे. वर विल्सन धरण, म्हणजेच भंडारदरा धरण (काम १९१० ते १९२६), साठवण ११,०३९ दलघफू (दशलक्ष घनफूट). धरण भरत असताना सगळा पाऊस तिथेच अडतो. त्यामुळे धरणाच्या वरच्या अंगाला घाटघर-रतनवाडीला धो धो कोसळत असला तरी रंधा बारीक असू शकतो. वाकीचा तलाव भरून प्रवरेला मिळणारी कृष्णावंती नदी वाहती झाली की थोडं पाणी आधी येतं, पण खरा जोर भंडारदऱ्यातून विसर्ग सुरू झाल्यावरच. बहुतेक वर्षी धरण १५ ऑगस्टच्या आसपास भरतं, म्हणजे तुमची वेळ चांगली आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या बातम्यांत भंडारदऱ्याचा विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) आहे ते बघा.

विसर्ग फार मोठा असेल तर फोटो उलट वाईट येतो. साधारण १७० फुटांवरून एवढं पाणी पडलं की खालचा डोह तुषारांनी भरून जातो, कडा दिसेनाशी होते आणि पाणीही गढूळ तांबूस असतं. मध्यम विसर्ग आणि पावसाने एक-दोन दिवस घेतलेली उघडीप, हा सगळ्यात चांगला योग. तेव्हा धारा वेगवेगळ्या दिसतात आणि मधला काळा कातळ उघडा राहतो. छत्री धबधब्याचंही तसंच, तो धरणाच्या मोरीतून पाणी सोडलं तरच दिसतो.

आणि हे नीट वाचा. घळीत पाण्याच्या पातळीला उतरू नका. इथे पाणी वाढायला डोक्यावर पाऊस लागत नाही, वर दरवाजा उचलला की पुरे. पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या-पाचोळा वाहून येणं, आवाज जड होणं, यातलं काहीही जाणवलं तर ट्रायपॉड तिथेच टाकून वर या. कठड्यामागून उत्तम फोटो मिळतात, खाली उतरून फ्रेममध्ये फारशी भर पडत नाही. पावसाळ्यात प्रशासनाचे बंदी आदेशही निघतात, तेही निघण्याआधी तपासा.

सह्यकडा
एकच फिल्टर घ्यायचा असेल तर पोलरायझर (चकाकी कापणारा) घ्या, एनडी (प्रकाश कमी करणारी गडद काच, शटर जास्त वेळ उघडं ठेवायला) नंतर. ओल्या बसाल्टवर आणि पानांवर आकाशाची पांढरी चकाकी बसते. तीच फोटोतला हिरवा आणि काळा खाऊन टाकते. पोलरायझर फिरवत स्क्रीनवर कातळाकडे बघा. एका जागी चकाकी सर्रकन उतरते आणि दगडाचा खरा रंग वर येतो, तिथे थांबा. ही चकाकी नंतर संगणकावर काढता येत नाही. एनडीचं काम मात्र दुसऱ्या मार्गाने भागतं, ते पुढे सांगतो.

आता आकडे. पूर्ण ढगाळ दिवशी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ला साधारण १/६० सेकंद शटर मिळतं. पोलरायझर दीडेक स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे १/२० वर येता. त्यावर एनडी ८ (प्रकाश आठव्या हिश्श्यावर आणणारा) लावला तर ०.४ सेकंद. रंध्यासारख्या उंच आणि जोरकस धारेला १/६ ते १/२ सेकंद हाच पट्टा चांगला: पाणी वाहतं वाटतं आणि धारांचे धागेही टिकतात. एनडी ६४ लावून ३ सेकंदांवर गेलात की तो नुसता कापूस होतो. पातळ, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या ओहोळांना १-२ सेकंद चालतात, कारण तिथे पाणी हळू असतं. शटर ठरवताना पाण्याचा वेग बघा, ठरलेला एकच आकडा सगळीकडे चालत नाही.

एनडी नसेल तर: ट्रायपॉडवर, मॅन्युअल फोकस, मॅन्युअल एक्स्पोजर, १/२० ला लागोपाठ ८ फोटो काढा. संगणकावर थर लावून त्यांची सरासरी काढली की ८ × १/२० = ०.४ सेकंदांच्या फोटोच्या जवळ जाता. नॉइजही (फोटोतले दाणे) कमी होतो. कॅमेरा मधे जराही हलता कामा नये, एवढंच.

पाणी जळण्याचं कारण: कॅमेऱ्याचा प्रकाशमापक (मीटर) सगळी काळपट दरी बघून फोटो उजळ करतो आणि धबधबा पांढरा होतो. रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्येच काढा, एक्स्पोजर -०.७ ते -१ ठेवा आणि हिस्टोग्रामची (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) उजवी बाजू भिंतीला टेकू देऊ नका. सावल्या नंतर वर काढता येतात, जळलेलं पाणी परत येत नाही. ऊन-सावलीचा खेळ चालू असेल तर ढग येईपर्यंत शटर दाबू नका. या अक्षांशावर २५ जुलैच्या सुमारास दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, ऑगस्टअखेरही फार कललेला नसतो. त्यामुळे भरदुपारी घळीत ऊन थेट उतरतं. पहाटेनंतरचे दोन तास किंवा भरलेलं आभाळ हीच वेळ.

धबधब्याच्या वाऱ्याने जवळची झाडं सतत हलतात. त्यासाठी एनडी काढून आयएसओ ८००, एफ/८, १/१६० ला एक जादा फोटो घ्या आणि पानं त्यातली वापरा. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, क्रॉप सेन्सरवर तपशील मऊ पडतो.

ओलीपानं
वरच्यांनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी फक्त ओलाव्याबद्दल लिहिते, कारण पावसाळ्यात निम्मे फोटो तिथेच जातात.

काचेवरचा एक थेंब एफ/११ ला फोटोत धुरकट गोल डाग म्हणून येतो, आणि १६ मिमीला तर हमखास. छोट्या स्क्रीनवर तो कळत नाही, म्हणून दर दोन-तीन फोटोंनंतर शंभर टक्के झूम करून कोपरे तपासा. फ्रेम, फोकस, पोलरायझर सगळं लेन्सवर कापड धरूनच जुळवा. दोन सेकंदांचा टायमर लावा आणि शेवटच्या क्षणी कापड काढा. मायक्रोफायबरची चार-पाच कापडं झिपच्या पिशवीत ठेवा. एकदा भिजलेलं कापड पाणी पुसत नाही, पसरवतं. आधी ब्लोअरने थेंब उडवा, मग टिपा, घासू नका. काचेवर कातळाची बारीक रेती असली तर घासल्याने ओरखडा पडतो.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढलात तर काचेवर बाष्प धरतं. बॅग बंदच ठेवून वीस-पंचवीस मिनिटं बाहेरच्या हवेत राहू द्या. त्या वेळात जागा हेरता येते. मुक्कामावर परतल्यावर फिल्टर सोडवून ठेवा, नाहीतर आट्यांमध्ये ओल अडकते आणि फिल्टर घट्ट बसतो. घरी आल्यावर सामान बॅगेतच ठेवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४०-५० टक्क्यांत असू द्या.

ट्रायपॉडचे सगळ्यात बारीक पाय शक्यतो उघडू नका, मधला दांडा खालीच ठेवा. लोखंडी कठड्याला तो टेकवू नका, माणसं टेकली की कठडा थरथरतो. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद.

दगडफूल
सगळ्यांचे मनापासून आभार. पोलरायझर नक्की. अजून दोन शंका: ५५-२१० ओझं होईल का? आणि साम्रद बाजूचे उलटे धबधबे याच शटरला काढायचे का?

सह्यकडा
५५-२१० जरूर न्या. रुंद लेन्सने सगळे सारखाच फोटो आणतात. १००-१५० मिमीला धारेचा फक्त मधला भाग घ्या, जिथे पाणी कातळाच्या टप्प्यावर आपटून फुटतं. घळीच्या भिंतीवरचे बारीक ओहोळ आणि त्यांच्या कडेचं शेवाळही याच लेन्सचं काम. त्यात आकाश घेऊ नका. पावसाळी आकाश फ्रेममध्ये आलं की नुसती पांढरी पट्टी होते.

उलट्या धबधब्याचं गणित मात्र उलटं. साम्रदला काय किंवा नाणेघाटात काय, खालून येणारा वारा पाण्याचे थेंब वर फेकतो. अर्ध्या सेकंदात ते सगळं धुकं दिसेल आणि पाणी वर चाललंय हे कळणारच नाही. तिथे १/५०० ते १/१०००, आयएसओ ४००-८००, एफ/५.६, आणि पोलरायझर काढून, नाहीतर दीड स्टॉप उगाच जातो. मागे गडद कडा येईल अशी बाजू धरा, पांढऱ्या धुक्यावर पांढरे थेंब दिसत नाहीत. वारा झोताझोताने येतो, म्हणून सलग फोटो काढण्याचा मोड लावा. कड्याच्या टोकापासून दोन-तीन माणसांचं अंतर सोडून उभे राहा, तो वारा मधेच पडतो आणि पुढे झुकलेल्या माणसाचा तोल जातो.

प्रवराकाठ
एक राहिलं. साम्रद, रतनवाडी आणि घाटघर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. ड्रोन न्यायचा विचार असेल तर वनविभागाच्या परवानगीशिवाय बॅगेतून काढूच नका. धरणाच्या भिंतीजवळ तर नाहीच नाही. साम्रदजवळच्या अरुंद सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नसतं, फोटो वरूनच. घाटघरच्या कोकणकड्यावर सकाळी लवकर पोचा. धुकं सगळं भरलेलं दिसलं तरी निघू नका, ते पाच-दहा मिनिटांसाठी फाटतं आणि खालची कोकणातली हिरवळ दिसते. तेवढ्यासाठी कॅमेरा ट्रायपॉडवर तयार आणि फोकस आधीच लावलेला हवा, धुक्यात ऑटोफोकस नुसता पुढे-मागे फिरत राहतो.