भरतपूरची चराईबंदी: 1982 चा निर्णय चुकला का?

वाळा:
राजस्थानातल्या भरतपूरचं केवलादेव घना हे पक्ष्यांचं उद्यान म्हणजे जेमतेम 29 चौरस किलोमीटरची पाणथळ, आणि तीही माणसाने राखलेली. जवळच्या अजान बंधाऱ्याचं पाणी आत घेऊन भरतपूरच्या संस्थानिकांनी इथे बदकांच्या शिकारीची सोय केली. 1938 मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात 4,273 पक्षी पडले. आसपासच्या गावांच्या म्हशी मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथेच चरत होत्या.

1981 मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं. 1982 च्या नोव्हेंबरात चराई बंद केली, गावकरी विरोधात उठले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसं गेली. बंदीला पक्षीतज्ज्ञ सालीम अलींचाही पाठिंबा होता. पुढे मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या संस्थेच्या दहा वर्षांच्या अभ्यासातून उलटंच चित्र दिसलं: म्हशी गेल्या आणि पास्पॅलम नावाच्या पाणगवताने तळी भरून टाकली. माझ्या मते हा निर्णय चुकला.

दलदल:
अभयारण्यात चराईवर नियंत्रण ठेवता येतं, वन्यजीव कायद्याचं कलम 33 तशी मुभा देतं. राष्ट्रीय उद्यानात कलम 35 नुसार गुरं आत सोडताच येत नाहीत. एकदा तो दर्जा दिल्यावर अधिकाऱ्याच्या हातात काय उरतं? आणि एवढ्याशा जागेत हजारो म्हशी कायमच्या ठेवायच्या? सारस पावसाळ्यात उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून घरटं करतो, कमळपक्षी तरंगत्या पानांवर अंडी घालतो. तिथे कळप शिरला की अंडी फुटणारच.

वाळा:
सारसाचा मुद्दा मान्य. पण ते गवत वाढतं कसं ते बघा. खोड आडवं पसरतं, पेरापेराला मुळं फुटतात आणि पाण्यावर जाड गादी तयार होते. म्हैस छातीभर पाण्यात उभी राहून कोवळे शेंडे खाते, खुरांनी गादी फाडते. विळ्याने कापलं तर पाण्याखालच्या पेरांतून ते परत फुटतं. गादी कुजली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासे कमी होतात. बुडी मारून मासे धरणाऱ्या पक्ष्यांना तर उघडं पाणीच उरत नाही. हिवाळ्यात येणारा सायबेरियन क्रौंच चिखलातले लव्हाळ्याचे कंद उकरून खायचा. गवताच्या त्या जाळीतून चोच घालायची कुठे? गावकरी वाळ्याची (खस या सुगंधी गवताची) मुळं खणायचे, त्यामुळे जमीन भुसभुशीत राहायची आणि क्रौंचाला कंद सापडायचे, असं तिथल्या लोकांचं म्हणणं आहे. तेही बंद पडलं.

उत्तरवारा:
क्रौंचाचं खापर म्हशींच्या बंदीवर फोडू नका. 1964-65 च्या हिवाळ्यात तिथे सुमारे 200 क्रौंच होते. बंदीच्या आधीच ते 40 च्या खाली आले होते. सायबेरियातून अफगाणिस्तानावरून येणाऱ्या वाटेवर त्यांची शिकार होत होती. शेवटची जोडी 2001-02 च्या हिवाळ्यात दिसली. गवताने त्यांचे हाल वाढवले असतील, पण मूळ कारण वाटेवरचं आहे.

दलदल:
आणि पाणी? उद्यानाला वर्षाला साधारण 55 कोटी घनफूट पाणी लागतं. गंभीर नदीवर वर पांचना धरण झालं आणि येवा आटला. कोरड्या पडलेल्या तळ्यांत वेडी बाभूळ माजली. तिला म्हैस काय करणार? शेंगा खाऊन शेणातून बी आणखी पसरवील. ती मुळासकट उपटावी लागते, बुंधा राहिला की फुटवे येतात. लाकडाच्या मोबदल्यात गावकऱ्यांकडून ती काढून घेतली, ते काम मला पटतं.

वाळा:
म्हणजे माणसाचा हात हवाच, एवढं तुम्हीही मानता. मग पाणगवतासाठी का नको? उद्यान बांधांनी ब्लॉकांत विभागलेलं आहे, पाणी झडपांनी सोडलं जातं. एकच ब्लॉक घ्या. पावसाळ्यात, म्हणजे सारसाच्या विणीच्या काळात, तो पूर्ण बंद. हिवाळ्यापासून मोजक्या म्हशी, दिवस ठरवून, कळपाबरोबर गुराखी. शेजारचा ब्लॉक तसाच सोडा. दोन्हीकडचं उघडं पाणी आणि पक्षी दर महिन्याला मोजा. उन्हाळ्यात तळ कोरडा पडला की उरलेली गादी पेरांसकट खणून बाहेर काढा, बांधावर टाकू नका, पहिल्या पावसात ती तिथूनच परत उतरते.

दलदल:
प्रयोग म्हणून चालेल, पण कायदा बदलल्याशिवाय एकही म्हैस आत जाणार नाही. आणि आधी पांचनाचं पाणी सोडवा. तळंच कोरडं असेल तर पाणगवताचा वाद कशावर घालायचा?